पहिला विनाइल कटर घेताना काय पाहायचं

बाइकच्या टाकीवरचं नाव, मसाल्याच्या बरणीवरचं ‘धणे’, दाराच्या काचेवरची वारली नक्षी, घराची ठसठशीत पाटी. असे स्टिकर ज्या मशीनवर कापले जातात तो विनाइल कटर. बाजारात त्याला कटिंग प्लॉटर म्हणतात. रेडियमच्या दुकानात रोल पुढे-मागे खेचत कुरकुरणारं जे मशीन दिसतं, ते हेच. आता ते घरच्या टेबलावर मावेल एवढ्या आकारातही मिळतं. छंद म्हणून स्टिकर करायचे ठरवले की पहिला प्रश्न येतो तो कोणतं मशीन घ्यायचं हाच.

विक्रीच्या जाहिरातीत याचं उत्तर आकड्यांत दिलेलं असतं. इतके ग्रॅम दाब, सेकंदाला इतके मिलिमीटर वेग. पहिल्या मशीनसाठी हे दोन आकडे सगळ्यात कमी उपयोगाचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. पाहायच्या गोष्टी दोन. ब्लेड जिथून निघालं त्याच बिंदूवर परत येतं का? आणि तुम्ही काढलेली फाइल मशीनपर्यंत विनाअडथळा पोचते का? हे दोन्ही नीट समजायचं तर आधी मशीन आत काय करतं ते पाहायला हवं.

ब्लेड कसं चालतं

या मशीनमध्ये छपाई होत नाही. रंग विनाइलचाच असतो. वर रंगीत प्लास्टिकची फिल्म, तिच्या पाठीला गोंद आणि खाली मेण लावल्यासारखा गुळगुळीत कागद, म्हणजे लायनर. ब्लेडने फिल्म आणि गोंद कापायचा, कागद मात्र शाबूत ठेवायचा. मग नको असलेली फिल्म चिमट्याने सोलून काढायची, याला वीडिंग म्हणतात. उरलेल्या आकारांवर ट्रान्सफर टेप दाबायची, सगळं एकदम उचलायचं, जागेवर बसवायचं आणि टेप सोडवायची. साइन बोर्डच्या कामाची फिल्म साधारण 60 ते 80 मायक्रॉन जाड असते. म्हणजे सगळा खेळ एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीत चालतो.

बहुतेक मशीनमध्ये ब्लेड वळवायला वेगळी मोटर नसते. ब्लेडचं टोक त्याच्या अक्षापासून थोडं बाजूला असतं, बहुतेक ब्लेडमध्ये पाव मिलिमीटर. त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ओढाल तिकडे आपोआप वळतं, तसं ब्लेडही ओढीच्या दिशेने वळतं. कोपरा आला की त्याला वळायला किंचित जागा लागते. ती मिळावी म्हणून मशीन किंवा सॉफ्टवेअर कोपऱ्यावर एक बारीक कंस जोडतं. या सेटिंगला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट चुकला की चौकोनाचे कोपरे गोलसर येतात किंवा कोपऱ्याबाहेर शेपट्या निघतात. नवं मशीन घेतलेल्यांना वाटतं ब्लेड खराब आहे. बऱ्याचदा फक्त तो आकडा बदलायचा असतो.

ब्लेड डावी-उजवीकडे सरकतं आणि पुढे-मागे सरकतो तो रोल. खरखरीत पृष्ठभागाचे दोन-तीन रोलर खालून आणि रबरी चाकं वरून दाबून रोल खेचतात. रबरी चाकांचा दाब कमी-जास्त असेल किंवा रोल तिरका भरला असेल, तर मीटरभर पुढे जाऊन परत येईपर्यंत विनाइल मिलिमीटरभर घसरतं. मग ‘ठ’चा गोल जिथे सुरू झाला तिथे मिळतच नाही. फिल्मचा एक धागा राहतो आणि सोलताना अख्खं अक्षर उचलून येतं. रोल असा न घसरता पुढे-मागे सरळ जाणं, याला ट्रॅकिंग म्हणतात. चांगलं मशीन आणि वाईट मशीन यांतला खरा फरक इथे आहे.

ट्रॅकिंग तपासायची साधी पद्धत आहे. बहुतेक मशीनमध्ये ब्लेडच्या जागी पेन बसतं. कागदाच्या किंवा स्वस्त विनाइलच्या लांब पट्टीवर दोन-तीन फुटांचा आयत पेनने काढायला लावा, आणि कागद न हलवता तोच आयत पुन्हा पुन्हा काढू द्या. सगळ्या रेघा एकीवर एक बसल्या तर मशीन भरवशाचं. रेघ जाड होत गेली किंवा दोन रेघा सुट्या दिसल्या, तर तिथेच थांबा. विक्रेत्याकडे हे करून दाखवा म्हणण्यात काही गैर नाही. जुनं मशीन घेताना तर याशिवाय पैसे देऊच नका.

मोटरचा फरकही यातच दिसतो. स्वस्त मशीनमध्ये स्टेपर मोटर असते. ती ठरलेल्या पायऱ्यांनी फिरते, आवाज करते, आणि अडली तर तिला स्वतःला कळत नाही, कारण आपण कुठे आहोत हे ती तपासून पाहत नाही. महाग मशीनमधली सर्वो मोटर आपली जागा सतत तपासते. ती शांत चालते आणि बारीक गोलाई सफाईदार कापते. घरात रात्री काम करणार असाल तर आवाजाचा मुद्दा लहान समजू नका.

आता दाबाचा आकडा. साधं विनाइल कापायला शंभर ग्रॅमच्या आगेमागे दाब लागतो. तीन मशीन उदाहरणाला घेऊ. सिलूएट कॅमिओ 4 च्या मुख्य धारकाचा (ब्लेड धरणाऱ्या भागाचा) कमाल दाब 210 ग्रॅम आहे, रोलँड जीएस-24 चा 350, ग्राफटेक सीई7000-60 चा 450. तिन्ही गरजेपेक्षा वरच आहेत. जास्त दाब लागतो तो जाड कार्डशीटला, चामड्याला किंवा रात्री चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटला. रिफ्लेक्टिव्ह शीटमध्ये काचेचे सूक्ष्म मणी असतात आणि ते ब्लेडची धार लवकर खातात. तिच्यासाठी 60 अंशांच्या धारेचं ब्लेड वापरतात, साध्या विनाइलला 45 अंशांचं पुरतं.

वेगाबद्दल तर बोलायलाच नको. बारीक अक्षरं कुठल्याही मशीनवर हळूच कापायची असतात.

तीन घराणी

बाजारातली मशीन ढोबळमानाने तीन घराण्यांत बसतात.

पहिलं घराणं हस्तकलेचं: क्रिकट, सिलूएट, ब्रदरचं स्कॅनएनकट. रुंदी बहुधा 12 इंच. सिलूएट पोर्ट्रेट 8 इंची आहे आणि क्रिकट जॉय त्याहूनही लहान. सिलूएट ही जपानच्या ग्राफटेकचीच कंपनी, त्यामुळे तिच्या लहान मशीनमागेही साइन बोर्डच्या धंद्याचा अनुभव आहे. ब्रदरच्या मशीनमध्ये स्कॅनर असतो. मुलाने कागदावर काढलेलं चित्र ठेवलं की कॉम्प्युटरशिवाय त्याची बाह्यरेषा कापता येते. ही मशीन आवाजाने आणि आकाराने घरात शोभतात. आधी छापून मग कडेने कापायचे स्टिकरही त्यांतली बहुतेक करतात, कारण कागदावरच्या खुणा वाचणारा सेन्सर त्यांच्यात असतो.

दुसरं घराणं स्वस्त चिनी प्लॉटरचं. रुंदी 24 ते 28 इंच, खाली लोखंडी स्टँड. आपल्याकडच्या बऱ्याच रेडियमवाल्यांनी धंदा यावरच उभा केला आहे. साइन बोर्डचं विनाइल 24 इंची रोलमध्ये येतं, ते यात सरळ बसतं. ब्लेड रोलँड पद्धतीचं लागतं आणि ते साइन बोर्डचा माल विकणाऱ्या दुकानात सहज आणि स्वस्त मिळतं. मात्र सॉफ्टवेअर जुनाट, मॅकवर चालायची खात्री नाही, ड्रायव्हर आणि पोर्टची जुळवाजुळव स्वतः करायची. कडेने कापायचा सेन्सर कित्येक मॉडेलांत नसतो. असतो तो फक्त लाल लेझरचा ठिपका, आणि तो डोळ्यांनी जुळवावा लागतो.

तिसरं घराणं रोलँड आणि ग्राफटेकचं. यांची नवी मशीन लाखाच्या वर जातात. नुसत्या छंदासाठी नवं घ्यावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण एखादं दुकान बंद होताना त्यांचं वापरलेलं मशीन निघालं, तर ते नव्या चिनी मशीनपेक्षा उजवं ठरू शकतं. घेण्याआधी रबरी चाकं चपटी झाली आहेत का, ब्लेडखालच्या पांढऱ्या पट्टीवर खोल चरे आहेत का, ब्लेडचा धारक बोटाने फिरवल्यावर सहज फिरतो का, हे पाहायचं. पट्टी आणि चाकं बदलता येतात. वरची पेनची चाचणी इथेही करायचीच.

रुंदीचा निर्णय कामावर ठरवा. बरण्या, लॅपटॉप, वह्या, टी-शर्ट, हेल्मेट यांना 12 इंच भरपूर होतात. गाडीच्या अंगावरचे लांब पट्टे किंवा दुकानाच्या काचेची पाटी करायची असेल तरच 24 इंचांकडे जा. लांबी ही अडचण नाही, कारण रोल पुढे सरकत जातो. मात्र हस्तकलेच्या काही मशीनमध्ये विनाइल धरून ठेवणारी चिकट मॅट लागते, आणि मग मॅटची लांबी हीच कामाची मर्यादा ठरते. क्रिकटच्या एक्सप्लोर 3 आणि मेकर 3 वर मॅटशिवाय 12 फुटांपर्यंत कापता येतं, पण त्यासाठी त्यांचं स्वतःचं 13 इंची विनाइल घ्यावं लागतं. बाजारातलं 12 इंची विनाइल त्या चाकांखाली नीट धरलं जात नाही, त्याला मॅट हवीच. मशीनची किंमत पाहताना पुढच्या वर्षभराचं विनाइल कुठून येणार आहे तेही म्हणूनच पाहायचं.

फाइल कुणाच्या ताब्यात

2021च्या मार्चमध्ये क्रिकटने जाहीर केलं की वर्गणी न भरणाऱ्यांना कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याला फक्त 20 नव्या डिझाइन अपलोड करता येतील. मशीन लोकांनी आधीच विकत घेतलेलं होतं. मोठा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. ते मशीन चांगलं आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर शिकायला सोपं आहे, हे मी मान्य करतो. पण मशीन तुमच्या टेबलावर आणि त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर, अशी ती व्यवस्था आहे. घेणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं.

सिलूएटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालतं. मात्र त्याच्या फुकट आवृत्तीत एसव्हीजी ही आकारांच्या रेषा साठवणारी फाइल उघडत नाही, त्यासाठी पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. यावर वाट आहे. इंकस्केप या मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची फाइल काढली की ती फुकट आवृत्तीत उघडते. इंकस्केपमधून सिलूएट मशीनला थेट काम पाठवणारं मुक्त प्लगिनही, म्हणजे जोडायचा छोटा प्रोग्रामही, आहे.

साइन बोर्डचे बहुतेक प्लॉटर एचपीजीएल ही आज्ञांची भाषा समजतात. पूर्वी नकाशे आणि यंत्रांची रेखाटनं पेनने काढणारे एचपी कंपनीचे प्लॉटर होते, त्यांच्यासाठी ती बनली. पेन उचल, पेन टेक, इथून तिथे जा, एवढंच तिच्यात मुख्यतः असतं. पेनाच्या जागी ब्लेड आलं तरी आज्ञा त्याच राहिल्या. त्यामुळे कंपनीने उद्या सॉफ्टवेअर बंद केलं तरी असं मशीन दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरवर चालत राहतं. स्वस्त चिनी प्लॉटरची ही मोठी जमेची बाजू आहे, आणि जाहिरातीत ती कुणी लिहीत नाही.

मराठी अक्षरं कापताना

मशीन घेण्याआधी तपासायची ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओंत सांगितली जात नाही, कारण त्यांना ती अडचणच नाही.

‘माझी शाळा’ असं टाइप केलं की शिरोरेखा पडद्यावर सलग दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. प्रिंटरला याचा त्रास नाही, काळ्यावर काळंच पडतं. प्लॉटर मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा कापतो. मग शिरोरेखेत प्रत्येक जोडावर काप पडतात आणि सोलताना तिचे तुकडे होतात. उपाय सोपा आहे. इंकस्केपमध्ये मजकूर टाइप करायचा, त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, रूपांतर करायचं आणि सगळी अक्षरं निवडून युनियन द्यायचं, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच बाह्यरेषा होते. हस्तकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये याच आज्ञेला वेल्ड म्हणतात. बाह्यरेषांच्या दृश्यात पाहिलं की आतल्या आडव्या-उभ्या रेघा गेलेल्या दिसतात.

काही जुन्या कटिंग सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी नीट जुळतच नाही. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट तिथे चालतात, कारण त्यांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. पण छंदासाठी त्या वाटेने जायची गरज नाही. कटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइपच करू नका. मजकूर इंकस्केपमध्ये लिहा, पाथ करा, आणि मशीनच्या सॉफ्टवेअरकडे फक्त आकार पाठवा. मग मशीनला मराठी येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. फक्त ते बाहेरची एसव्हीजी, डीएक्सएफ किंवा एचपीजीएल फाइल घेतं का, एवढं विचारायचं.

एकदा युनियन झालं की शिरोरेखा उपकारच करते. इंग्रजी नावातलं प्रत्येक अक्षर सुटं असतं, आपला शब्द मात्र एकसंध तुकडा होतो. सोलताना अक्षरं आपापल्या जागी राहतात. सांभाळायचे असतात ते अनुस्वार. ते सुटे ठिपके आहेत आणि लहान आकारात वाया जाणाऱ्या फिल्मबरोबर निघून येतात. ‘ब’ आणि ‘ष’च्या पोटातल्या तिरक्या रेघेमुळे दोन चिमुकल्या पोकळ्या होतात, त्याही टोकदार सुईनेच निघतात. म्हणून सुरुवातीला अक्षराची उंची दीड-दोन सेंटीमीटरच्या खाली नेऊ नका, आणि अनुस्वार हाताने थोडा मोठा करा.

फाँटही सोलण्याच्या दृष्टीने निवडायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले बलू आणि मुक्ता मोफत मिळतात, त्यांची वळणं मोकळी आहेत. त्यांचाच मोदक फाँट दिसायला फार गोड आहे. पण त्यात अक्षरांच्या पोकळ्या बारीक फटींएवढ्या उरतात, म्हणून तो मोठ्या आकारातच वापरावा. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या फलकांवरून घडवलेला यात्रा वन घराच्या पाटीला छान शोभतो.

विनाइल, पाऊस आणि काही इशारे

विनाइल म्हणजे पीव्हीसीची फिल्म, आणि ती दोन पद्धतींनी बनते. गरम पीव्हीसी रोलरमधून लाटून पातळ केलं तर ते कॅलेंडर्ड. ते स्वस्त असतं, पण ताणलेलं असल्यामुळे काळाने आक्रसू पाहतं. पातळ मिश्रण ओतून वाळवलं तर ते कास्ट. ते महाग, पातळ, आणि हेल्मेट किंवा टाकीच्या गोलाईवर मनासारखं बसतं. सपाट काच, बरणी, लॅपटॉप यांना कॅलेंडर्ड पुरतं. जर्मनीच्या ओराफोल कंपनीचं ओराकल 651 हे कायम चिकटणारं आणि 631 हे भिंतीवरून नंतर काढता येणारं, एवढा फरक लक्षात ठेवला तर सुरुवात होते. टिकाऊपणाची वर्षं मध्य युरोपच्या हवामानात उभ्या पृष्ठभागासाठी मोजलेली असतात. नागपूरच्या उन्हात बाइकच्या टाकीवर तेवढी धरू नका.

लायनर कागदाचा असल्यामुळे तो दमट हवेत ओलावा पितो आणि फुगतो. कोकणात जुलैमध्ये उघडा ठेवलेला रोल लाटा आल्यासारखा होतो, आणि मग ब्लेड कुठे खोल जातं तर कुठे फिल्मही कापत नाही. रोल प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह उभा ठेवा. कोरड्या हवेत उलटी अडचण असते. विनाइल उलगडताना स्थिर वीज साठते आणि स्वस्त प्लॉटर मध्येच गोठतो किंवा यूएसबी तुटते. घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. यात मशीनचा दोष नसतो, पण निस्तरावं तुम्हालाच लागतं.

लेझर मशीननेही विनाइल कापता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पीव्हीसी लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक असतो आणि मशीनचं लोखंडही गंजवतो. विनाइल ब्लेडनेच कापायचं.

आणि मशीन आलं म्हणून गाडीची नंबरप्लेट घरी करू नका. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवून घ्यावी लागते. क्रोमियमचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असलेली ती पाटी प्लॉटरवर होत नाही.

आता थेट विचाराल तर ज्याने आजवर एकही स्टिकर कापलेला नाही त्याला मी 12 इंची, सेन्सर असलेलं, इंटरनेटशिवाय चालणारं मशीन घ्यायला सांगेन. ज्याचं मन गाड्यांच्या लांब पट्ट्यांत आहे आणि ज्याला ड्रायव्हरशी झटापट करायची तयारी आहे, त्याने 24 इंची चिनी प्लॉटर घ्यावा, पण जवळच्या गावात सुटे भाग देणारा विक्रेता पाहूनच. दोघांनीही थोडे पैसे ट्रान्सफर टेप, जादा ब्लेड, टोकदार चिमटा आणि वाया घालवायच्या विनाइलसाठी बाजूला ठेवावेत.

मशीन घरी आल्यावर पहिल्याच दिवशी नाव कापायला घेऊ नका. ब्लेड धारकातून केसभरच बाहेर काढा, फिल्म आणि निम्मा कागद एवढंच. दाब कमी ठेवा आणि एक सेंटीमीटरचा चौकोन, त्यात त्रिकोण कापा. त्रिकोण सोलून पाहा. फिल्म ओढावी लागत असेल तर दाब पाच-दहा ग्रॅमने वाढवून पुन्हा कापा. फिल्म सुटली की लायनर उलटा करून उजेडासमोर धरा. ब्लेडचा नुसता पुसट ठसा दिसायला हवा. आरपार उजेड आला तर ब्लेड आत घ्या, नाहीतर पट्टीवर चरे पडायला तिथूनच सुरुवात होईल. जमलेला दाब, ब्लेड आणि वेग त्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीवरच पेनने लिहून ठेवा. पुढचा रंग दुसऱ्या कंपनीचा आला की हे सगळं पुन्हा करायचं असतं.